रस्ता कोणी कोणाला द्यावा?

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. आर्णीच्या बाजूला एका गावी काल्याचे कीर्तन होते. दहाची वेळ दिलेली, आणि घरून निघायलाच उशीर झालेला. वाटेत मोटारसायकलसह एक माणूस कडेला पडलेला दिसला. हात हलवीत होता. आमच्या गाडीवाल्याने वेग कमी केला, तोच मी म्हणालो, "चाल गड्या, मागचे पाहतील. पोलिसांच्या लफड्यात पडलो तर काला राहून जाईल." त्या दिवशी माझे निरूपण भूतदयेवर होते. लोकांनी डोळे पुसले, महाराजांच्या पाया पडले. तो माणूस वाचला की नाही, हे मला आजवर कळलेले नाही.

सज्जनहो, माझी भीती अगदीच खोटी नव्हती. जखमीला उचलणाऱ्याला चौकीवर बसवून ठेवीत, साक्षीला खेटे घालायला लावीत. पुढे २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १३४ अ आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर आता दिवाणी वा फौजदारी दायित्व नाही. नाव सांगण्याचीही सक्ती नाही. म्हणजे माझी सबब कायद्याने काढून घेतली. पण सबब गेली म्हणून गाडी थांबतेच असे कुठे आहे?

पाठशाळेत असताना मनुस्मृती वाचली होती. त्यातले पुष्कळ आपण टाकले, आणि ते टाकायलाच हवे होते. पण रस्त्यासंबंधी त्यात जे आहे ते पाहण्याजोगे आहे. वाट कोणाला द्यावी? गाडीवाल्याला, अतिवृद्धाला, रोग्याला, ओझे वाहणाऱ्याला, स्त्रीला, नवरदेवाला. आणि राजा व स्नातक समोरासमोर आले तर राजाने बाजूला व्हावे. गाडीवाला पहिला का? भरलेली गाडी चटकन थांबत नाही, वळत नाही, म्हणून असावा. हे ऐकून आजचा ट्रकवाला खूष होईल! पण पुढे आठव्या अध्यायात त्याच्यावर भारही टाकला आहे. अडाणी सारथी ठेवला तर दंड मालकाला. एवढेच नव्हे, तशा गाडीत बसणाऱ्यांनाही. अल्पवयीन पोराच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला नव्या कायद्यात २५ हजारांचा दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद आहे, त्यातला न्याय हाच. आपल्या गावात नववीतला मुलगा बुलेट उडवतो आणि बाप कौतुकाने पाहतो, त्याने हे ध्यानात ठेवावे.

एका ठिकाणी मात्र मनूशी माझे जमत नाही. जू मोडले, आस तुटला, तर सारथ्याला दोष नाही, असे तो म्हणतो. २०१९ च्या नोव्हेंबरात दिवे घाटात संत नामदेव महाराजांच्या दिंडीत जेसीबी शिरला. ब्रेक निकामी झाले असे सांगितले गेले. नामदेवरायांचे वंशज सोपान महाराज नामदास आणि आणखी एक वारकरी जागीच गेले. अहो, घाट उतरण्याआधी ब्रेक पाहणे हेच तर सारथ्य!

मग नुसता दंड वाढवून भागेल काय? देशात २०२२ या एका वर्षात १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर मेली, आणि दंड तर २०१९ पासूनच वाढलेले होते. हॉलंडात द्राख्टेन गावी हान्स मोंडरमन नावाच्या अभियंत्याने गर्दीच्या चौकातले सिग्नलच काढून टाकले; माणसे एकमेकांकडे पाहून हळू चालवू लागली आणि अपघात घटले. आम्हा वारकऱ्यांना यात नवल नाही. लाखो माणसे पायी चालतात, प्रत्येक दिंडीचा क्रम ठरलेला, कोणी कोणाला रेटीत नाही. मात्र हे साधते ते चाल सारखी असते म्हणून. नागपूरहून हैदराबादेला जाणारा महामार्ग आपल्या करंजी-पांढरकवड्यावरून जातो. तिथे कापसाची बंडी आणि मालट्रक यांनी नजरेने समजून घ्यावे, हे होणे नाही. तिथे बंडीला वेगळी वाट पाहिजे, पायी माणसाला ओलांडायला जागा पाहिजे. पंढरीच्या पालखीमार्गांवर वारकऱ्यांसाठी वेगळी पायवाट आखली गेली, ती याच विचाराने.

माउलींच्या सोहळ्यात समाजआरतीला चोपदाराने दंड उंचावला की टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती वाजवीतच राहते. चोपदार तिथे जातो, ऐकून घेतो, मग आरती. रस्ता आखताना बंडीवाल्याचा टाळ कोणी ऐकला काय?

गेल्या पौषात आमच्या भजनी मंडळाने गावातल्या बंड्यांना आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना मागून चकाकणाऱ्या पट्ट्या लावल्या. एक म्हातारा कास्तकार बंडीपाशी उभा राहून पाहत होता. म्हणाला, "महाराज, पट्टी माह्या बंडीले लावली. ट्रकवाल्याले काय लावलं?" मला काही सांगता येईना. दुसरी बंडी आली, तिच्यामागे पट्टी लावायला मी वाकलो.