आडव्या आलेल्या दीर्घिका

महाशिवरात्रीला गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडावर मोठी यात्रा भरते. तिथी माघ वद्य चतुर्दशी, त्यामुळे संध्याकाळी आकाशात चंद्र नसतो. दिव्यांच्या झगमगाटापासून जरा लांब, नवेगाव बांधच्या जंगलाच्या बाजूला सरकलं, तर वायव्येला झुकलेली देवयानी दीर्घिका पुसट डागासारखी दिसते. अंतर २५ लाख प्रकाशवर्षं. नुसत्या डोळ्यांची धाव जवळपास इथवरच. पुण्यातल्या दोघांनी २०२५ साली जिचा शोध जाहीर केला, त्या दीर्घिकेचा प्रकाश मात्र सुमारे १,२०० कोटी वर्षं वाट चालून आला आहे.

राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातले राशी जैन आणि योगेश वाडदेकर हे ते दोघे. जेम्स वेब दुर्बिणीच्या छायाचित्रांत त्यांना ही सर्पिल दीर्घिका सापडली. मंदाकिनी हे आपल्या आकाशगंगेचं एक नाव. म्हणून हिला मंदाकिनीच्या बहीण-नदीचं, अलकनंदेचं नाव दिलं. विश्वाचं वय तेव्हा जेमतेम १५० कोटी वर्षं होतं. त्या कोवळ्या वयात दीर्घिका वेड्यावाकड्या, गोळ्यागोळ्यांच्या असाव्यात, असा अंदाज होता. अलकनंदा मात्र ३०,००० प्रकाशवर्षं रुंद, दोन रेखीव भुजा असलेली आणि वर्षाला सुमारे ६० सूर्यांएवढे तारे घडवणारी निघाली!

ती दिसते आबेल २७४४ या दीर्घिका-समूहाच्या पाठीमागे. एवढा अवजड समूह मध्ये आला म्हणजे मागचं झाकलं जाईल, असं वाटतं. होतं उलटंच. त्याच्या वस्तुमानाने अवकाश वाकतं, प्रकाश वळतो, आणि मागची दीर्घिका मोठी व तेजस्वी होऊन समोर येते. काचेच्या पेल्याच्या जाड बुडातून दिव्याकडे पाहिलं, तर ज्योत ताणली जाते, कधी एकीच्या दोन होतात. गुरुत्वीय भिंगाची करामत तशीच.

खुद्द आइन्स्टाइनला याची आशा नव्हती. रूडी मांडल नावाच्या, विज्ञानाची हौस असलेल्या अभियंत्याने पिच्छा पुरवला म्हणून त्याने १९३६ साली छोटंसं टिपण लिहिलं, आणि त्यातही हा आविष्कार प्रत्यक्ष दिसणं अवघडच, असं बजावलं. तो ताऱ्यांपुरता विचार करत होता. पुढच्याच वर्षी फ्रिट्झ झ्विकीने सांगितलं, की भिंग म्हणून अख्खी दीर्घिका घ्या. पुरावा यायला १९७९ उजाडलं: एकाच क्वासारच्या, म्हणजे अतिदूरच्या तेजस्वी दीर्घिका-गाभ्याच्या, शेजारी-शेजारी दोन प्रतिमा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शशिकुमार चित्रे, डी. नरसिंह आणि कंदस्वामी सुब्रमण्यन यांनी १९८०च्या दशकात या जुळ्या क्वासारच्या भिंगाचं गणित मांडलं, तेव्हा हा विषय जगातच नवा होता.

या भिंगाची एक अडचण आहे. ते कुठे असावं, हे आपल्या हातात नाही. आणि ते मोठं करतं तसं वाकडंही करतं. वाकडं सरळ करायचं तर आधी भिंगाचं वस्तुमान ठाऊक हवं, आणि त्यातलं बहुतेक न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचं. म्हणजे दूरच्या दीर्घिकेविषयीच्या प्रत्येक आकड्यात मधल्या समूहाविषयीचा आपला अंदाज मिसळलेला असतो. अलकनंदेच्या बाबतीत भिंगाने प्रकाश वाढवला तो दुपटीच्या आसपास. दुरुस्ती थोडी, म्हणून तिच्या भुजांवर विश्वास ठेवायला जड जात नाही.

जुन्नर तालुक्यातल्या खोडदची गोष्ट वेगळी. तिथल्या महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांनी एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा संदेश टिपला. तो ८८० कोटी वर्षांपूर्वी २१ सेंटिमीटर तरंगलांबीने निघाला होता. इथे पोचेपर्यंत विश्वाच्या प्रसरणाने ताणून ४८ सेंटिमीटर झाला. जानेवारी २०२३ मध्ये अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय यांनी हा शोध जाहीर केला. इथे भिंगाने संदेश तब्बल तीसपट वाढवला होता. ते नसतं तर तो ऐकूच आला नसता. त्या दीर्घिकेतला वायू ताऱ्यांच्या जवळपास दुप्पट भरला. उसन्या नजरेवर किती भिस्त ठेवायची, हा प्रश्न इथे जास्त टोचतो. पण दुसरा मार्गच नसेल तर कुरकुर कशाला?

भिंगं शोधण्याचं काम तर बरंचसं नजरेचं. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्रातल्या अनुप्रीता मोरे ‘स्पेस वॉर्प्स’ या उपक्रमाच्या प्रमुख शास्त्रज्ञांपैकी एक. २०१३ पासून सुमारे ३७,००० हौशी मंडळींनी घरबसल्या छायाचित्रं चाळली. पिवळट-तांबूस दीर्घिकेभोवती निळसर कमान दिसतेय का, एवढंच पाहायचं. अधूनमधून मुद्दाम बनावट कमानी पेरलेल्या असत. त्यावरून कोणाचं लक्ष किती शाबूत आहे हे कळे. संगणकाच्या नजरेतून निसटलेली २९ नवी संभाव्य भिंगं या लोकांनी काढून दिली. शास्त्रज्ञांनी हे काम पगारी सहायकांकडून करून घेतलं असतं, तर बहुधा ते कंटाळ्यातच संपलं असतं.

अलकनंदेबाबत आता प्रश्न उरतो तो तिच्या तारे-वायूच्या सपाट तबकडीचा. ती शांतपणे फिरते आहे, की आतून खळबळलेली आहे? भुजा आपोआप उमटल्या, की शेजारून गेलेल्या एखाद्या लहान दीर्घिकेच्या ओढीने? छायाचित्रातून हे कळत नाही. त्यासाठी तबकडीच्या निरनिराळ्या भागांतला वायू किती वेगाने फिरतो, हे वर्णपटावरून मोजायला हवं, आणि ते काम जेम्स वेबच्या वर्णपटमापकाने किंवा चिलीतल्या आल्मा रेडिओ दुर्बिणीनेच होण्यासारखं आहे.