तात्यांचा अंगठा

तात्या गेले त्याला अकरा वर्षं झाली. त्यांचं चामडं शिवायचं मशीन तेव्हापासून कराडच्या घरामागे, पत्र्याच्या शेडमध्ये, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांखाली पडून होतं. मागच्या मे महिन्यात मी ते ओढत अंगणात आणलं. पप्पा पायरीवर पेपर वाचत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "भंगारवाल्याचा नंबर देऊ का?"

"विकत नाहीये पप्पा. चालू करतोय."

मग त्यांनी पेपर खाली ठेवला. "कशाला पायजे तुला ते?"

मी पुण्यात कम्प्युटरवर काम करतो. रात्री झोप येत नाही तेव्हा जुनी यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांचे व्हिडिओ बघतो. गंज उतरतो, काळा रंग चमकतो, सोनेरी अक्षरं वर येतात. तुम्हीही बघत असाल. अशाच एका व्हिडिओत मला तात्यांचं मशीन दिसलं होतं, म्हणजे त्याचं भावंड. ते बघून मला अभिमान वाटला. फ्लॅटच्या हॉलमध्ये ते कुठे ठेवायचं, वर कसला दिवा लावायचा, हेही मी ठरवून टाकलं होतं. पप्पांना सांगितलं. ते उठून आत गेले.

आपल्या आईवडिलांनी ज्या गोष्टीतून मोठ्या कष्टाने स्वतःला सोडवलं, ती आपण हौसेने घरात परत आणावी का? त्यांच्या गळ्यात जे पडलं होतं त्यावर प्रेम करायचा हक्क आपल्याला आहे का? हे प्रश्न तेव्हा मला पडले नव्हते. मला फक्त राग आला होता. प्रश्न पुढच्या तीन आठवड्यांत पडले, तेही मशीन खोलताना.

मशीन सिंगर २९के. यातला 'के' म्हणजे किलबोवी, स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा सिंगरचा अवाढव्य कारखाना. तो १९८० साली बंद पडला. आपल्या घरातल्या शिलाई मशीनमध्ये कापड खालच्या दात्यांनी पुढे सरकतं. इथे खाली दाते नसतात. वरचा दाबपायच चामडं पकडतो, पुढे नेतो, सोडतो आणि परत येतो. शिवाय तो पूर्ण गोल फिरतो, त्यामुळे बूट न हलवता कोणत्याही दिशेला शिवण घालता येते. खालचा लांब, निमुळता हात बुटाच्या आत शिरतो. वीज लागत नाही. एका हाताने चाक फिरवायचं, दुसऱ्या हाताने चामडं धरायचं. स्टँडजवळच्या चार फूट जागेत बसणाऱ्या माणसासाठी याहून सोयीचं यंत्र सापडणं कठीण.

पहिला आठवडा नुसता तेलात गेला. जुनं तेल सुकून गुळाच्या पाकासारखं घट्ट झालं होतं. डिझेलमध्ये भिजवा, दात घासायच्या ब्रशने घासा, पुन्हा भिजवा. चाक फिरायला लागलं तेव्हा मी पप्पांना हाक मारली. ते आले नाहीत. दोरा ओवण्यातच एक अख्खी संध्याकाळ गेली. सुई धरणारा दांडा आतून पोकळ असतो आणि दोरा त्यातून खाली आणायला एक लांब, बारीक, आकड्याची तार लागते. ती तार हरवली होती. शेवटी आईने तात्यांच्या जुन्या ट्रंकेतून एक काढून दिली. आरी आणि रापी ज्या फडक्यात गुंडाळलेली होती, त्याच फडक्यात ती होती.

टाके पडायला लागले, पण मधले एकदोन सुटायचे. याचं कारण शोधायला सोपं होतं. सुई खालून किंचित वर येते तेव्हा दोऱ्याचा छोटा फास तयार होतो, आणि नेमक्या त्या क्षणी शटलचं टोक त्या फासातून जावं लागतं. शटल त्या लांब हाताच्या टोकाला असतं, आणि त्याला फिरवणारी दात्यांची पट्टी हाताच्या आतून जाते. पट्टीचे दाते झिजले की शटल उशिरा पोचतं. पट्टी बदलली, वेळ जुळवली, टाके सुटायचे थांबले.

खरी अडचण टाक्याच्या लांबीची होती. लांबीचा स्क्रू शेवटपर्यंत ढिला होता, म्हणजे मशीनला सांगितलेलं होतं की जास्तीत जास्त लांब टाका घाल. तरी टाका जेमतेम दोन मिलिमीटरचा. एवढे जवळ टाके घातले तर चामड्याला भोकांची रांग पडते आणि तिथेच ते फाटतं. अशा शिवणीवर तात्यांनी तीस वर्षं गिऱ्हाईक टिकवलं असेल, हे पटेना.

मशीनच्या डोक्यात काटकोनात वाकलेला एक लिव्हर असतो. दाबपायाला पुढे ढकलण्याचं काम त्याच्याकडून होतं. या मशीनमध्ये तो झिजतोच. मी तो काढला. झिजलेल्या जागी पितळ भरलेलं होतं. कोणीतरी गॅसवर पितळ वितळवून तिथे चढवलं होतं आणि मग कानशीने घासून मूळच्या गोलाईत आणलं होतं. काम इतकं सुबक होतं की आधी मला तो मूळचाच भाग वाटला. आणि ते पितळही पुन्हा झिजलं होतं.

लिव्हर घेऊन मी पप्पांकडे गेलो. त्यांनी तो हातात घेतला, फिरवून बघितला. "हे मी दहावीत असतानाचं. पितळ वेल्डिंगवाल्याने भरून दिलं, पण घासलं तात्यांनी. रात्रभर घासत होते. मी कंदील धरून. दुसऱ्या दिवशी माझा भूमितीचा पेपर होता."

"पण हे परत झिजलंय. मग नंतर ते टाका कसा घालायचे?"

पप्पांनी डावा हात पुढे केला आणि अंगठ्याने हवेतलं चामडं ओढून दाखवलं. प्रत्येक टाक्याला जरासं. मशीन दोन मिलिमीटर देणार, उरलेलं अंगठा देणार.

तात्यांचा डावा अंगठा मला आठवतो. पहिल्या सांध्यापासून बाहेर वाकलेला, टणक, गारगोटीसारखा. लहानपणी आम्ही नातवंडं त्याला धरून झोके घ्यायचो. म्हातारपणामुळे असा झाला असेल असं मला वाटायचं.

दुरुस्तीचे व्हिडिओ यंत्र कुठे झिजलंय ते दाखवतात. ती झीज इतकी वर्षं कोणाच्या अंगातून भरून निघत होती, हे त्यांत नसतं. नवा लिव्हर बाजारात मिळत असेल तेव्हाही तो घेण्याइतके पैसे एकत्र जमत नसत, आणि अंगठा फुकट होता. आपल्याकडे या प्रकाराला 'जुळवून घेणं' म्हणतात आणि त्याचं कौतुक करतात. मीही केलं असतं. हॉलमधल्या त्या दिव्याखाली पाहुण्यांना सांगितलं असतं, माझे आजोबा किती जिद्दीचे होते.

पप्पांना हेच नको होतं, असं मला आता वाटतं. त्यांच्या हाताला रंगाचा आणि चामड्याचा वास यायचा म्हणून वर्गात शेजारी कोणी बसत नसे. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, आत्याने सांगितलं. त्यांनी सरकारी नोकरी धरली, घर बांधलं, मला शिकवलं. त्या सगळ्या खटपटीचा हेतू एकच होता, की मला त्या मशीनकडे बघताना काही वाटू नये. मला काही वाटलं नाही म्हणूनच ते मला सुंदर दिसलं. म्हणजे माझी हौस हे त्यांचंच यश. आणि तीच त्यांना टोचत होती.

गांधीजी दक्षिण आफ्रिकेत चपला करायला शिकले. त्यांचे सहकारी कॅलनबाख एका ट्रॅपिस्ट मठात जाऊन ते काम शिकून आले आणि त्यांच्याकडून गांधीजी. तुरुंगात असताना केलेला एक जोड त्यांनी जनरल स्मट्सना भेट दिला, आणि १९३९ साली, गांधीजींच्या सत्तरीला, स्मट्सनी तो आदराने परत पाठवला. गोष्ट चांगली आहे, मला आवडते. पण त्या चपला करणारा माणूस बॅरिस्टर होता. त्याने आरी खाली ठेवली असती तरी त्याला कोणी 'आता काय करणार?' असं विचारलं नसतं. तात्यांनी केलेले शेकडो जोड कराडच्या आसपास झिजून गेले. त्यातला एकही कोणी आदराने परत पाठवला नाही.

डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये मांडलं होतं, की जन्माने वाट्याला आलेल्या कामात निवड नसते, आणि निवड नसेल तिथे माणसाचं मन लागत नाही. मला हे पूर्ण पटतं. आणि तरी तो पितळेचा तुकडा माझ्या टेबलावर आहे. कानशीचे ते बारीक, एका दिशेचे चरे बघितले की वाटतं, हे मन न लागलेल्या माणसाचं काम नाही. मी पप्पांना तसं म्हटलं.

"मन लावलं नसतं तर आम्ही जेवलो नसतो," ते म्हणाले. "तुला काय वाटलं, आवडीनं केलं?"

मी गप्प बसलो. पण माझ्या मते दोन्ही खरं असू शकतं. सक्तीच्या कामातही माणूस कौशल्य मिळवतो, त्याचा त्याला आनंदही होत असेल, आणि त्यामुळे सक्ती जराही कमी होत नाही. फक्त कौशल्याचं बोलायचं आणि सक्तीचं गाळायचं, हा अप्रामाणिकपणा. कौशल्य नव्हतंच, नुसते हाल होते, असं म्हणणं हाही तात्यांवर अन्यायच. यातून वाट कशी काढायची हे मला अजून नीट कळलेलं नाही. एवढं कळलं की हॉलमधला दिवा रद्द.

लिव्हरचं काय करायचं यावर मी आठवडाभर अडलो होतो. पितळ पुन्हा भरून घ्यावं, तात्यांची खूण राहील, असं एक मन म्हणत होतं. पण ती खूण कसली, हे आता मला माहीत होतं. मी नवा लिव्हर मागवला. जुना एका बिस्किटांच्या डब्यात, तारेशेजारी ठेवला.

नवा बसवल्यावर टाका चार मिलिमीटरचा पडायला लागला, सरळ, एकसारखा. संध्याकाळ झाली होती. पप्पा बाहेर आले, उभ्या उभ्या बघत राहिले, मग म्हणाले, "सरक." चाळीस-एक वर्षांनी ते त्या स्टुलावर बसत होते. आईच्या जुन्या चपलेचा पट्टा त्यांनी दाबपायाखाली घातला, उजव्या हाताने चाक धरलं, डावा अंगठा चामड्यावर टेकवला आणि फिरवलं.

टाके वेडेवाकडे आले. एक सहा मिलिमीटरचा, पुढचा पाच, मग पुन्हा सहा. मला आधी वाटलं काहीतरी ढिलं राहिलं. मी पाना घ्यायला वाकलो. त्यांनी हातानेच थांबवलं आणि स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं. तो अजून ओढत होता.

त्यांनी अंगठा उचलून मांडीवर ठेवला आणि उजव्या हाताने चाक सावकाश फिरवलं. टाका. टाका. टाका.

"ओढायला लागत नाही," ते म्हणाले, आणि पट्टा संपेपर्यंत फिरवत राहिले.