ओढून बघ

शेताची थ्री-फेज लाईट केव्हा येईल त्यावर आमचं उठणं अवलंबून असतं. 2025 च्या नोव्हेंबरची 30 तारीख, रविवार. त्या आठवड्यात लाईट पहाटेची होती. गव्हाला पहिलं पाणी चालू होतं, मी विहिरीजवळ कानटोपी ओढून बसलो होतो. देवासकडच्या आमच्या टोंकखुर्दच्या शिवारात त्या वेळी मोटारीची घरघर आणि लांब कुठे एखादं कुत्रं, एवढंच ऐकू येतं. खिशातला फोन वाजला तेव्हा दचकलोच.

भाचा होता. तो मुंबईला विमानांच्या देखभालीत आहे, एएमई म्हणतात त्यांना.

"मामा, जागे होता ना?"

"लाईट आहे रे. तू का जागा?"

"आमचीही लाईटच होती म्हणा ना. पाच एकोणतीसची. आत्ता मोकळा झालो."

पाच एकोणतीस ही काय वेळ झाली? गाडी सुटायची असावी तशी. पण हिशेब सरळ होता. जगाचं प्रमाण घड्याळ 29 तारखेची मध्यरात्र व्हायला एक मिनिट कमी दाखवतं, तेव्हा आपल्याकडे 30 तारखेचे पहाटेचे 5:29 झालेले असतात. युरोपच्या विमान-सुरक्षा संस्थेने तीच मुदत घालून दिली होती. ज्या ए320 जातीच्या विमानांची दुरुस्ती तोवर झालेली नसेल, त्यांनी पुढचं उड्डाण करायचं नाही. आपल्याकडच्या विमान-नियामक संस्थेने, डीजीसीएनेही, ती दुरुस्ती सक्तीची केली. जगभरात अशी सुमारे 6000 विमानं. भारतात इंडिगो, एअर इंडिया आणि एअर इंडिया एक्सप्रेस मिळून 338. इंदूरच्या अहिल्याबाई होळकर विमानतळावर उतरणारी आणि आमच्या गव्हावरून जाताना अंगठ्याएवढी दिसणारी विमानं बरीचशी याच जातीची.

महिनाभर आधी, 30 ऑक्टोबरला, मेक्सिकोतल्या कॅनकूनहून अमेरिकेतल्या न्यूअर्ककडे निघालेलं जेटब्लूचं एक ए320 उंचावर सरळ चाललेलं असताना एकाएकी नाक खाली करून घसरलं. वैमानिकांनी सावरलं आणि विमान टॅम्पाला उतरवलं, पण काही प्रवाशांना रुग्णालयात न्यावं लागलं. एअरबसने शोध घेतला आणि शुक्रवारी, 28 नोव्हेंबरला जाहीर केलं, की सूर्याकडून येणाऱ्या तीव्र प्रारणांमुळे विमानाच्या नियंत्रणाला लागणारी माहिती बिघडू शकते. बिघाडाची जागा होती ईलॅक नावाचा संगणक आणि त्यात नव्याने घातलेली प्रणाली. उपाय काय, तर नवी आवृत्ती काढा आणि आधीची परत बसवा. काही जुन्या विमानांत अख्खा संगणकच बदलायचा. जुनं तेच बरं म्हणणाऱ्या आमच्या वयाच्या माणसांना एवढा आनंद क्वचित मिळतो.

भाच्याशी बोलताना मी पूर्वेकडे पाहिलं. ज्याच्या नावाने जगभरच्या हँगरांमध्ये रात्र जागवली गेली, तो उगवायला अजून तास-सव्वा तास होता.

या ईलॅकबद्दल थोडं सांगायला हवं. जुन्या विमानात वैमानिकाच्या हातातला दांडा तारा आणि कप्प्यांनी थेट पंखा-शेपटीपर्यंत जोडलेला असे. विहिरीच्या रहाटासारखं, इकडे ओढलं की तिकडे हललं. ए320 मध्ये वैमानिक बाजूची छोटी कांडी वळवतो ती फक्त विजेचा निरोप देते. निरोप संगणक वाचतात आणि पंखांवरच्या व शेपटीवरच्या झडपांना हलवतात. अशा कामाला एकंदर सात संगणक आहेत, त्यातले दोन ईलॅक. एक सहसा विमान डावी-उजवीकडे कलण्याचं पाहतो, दुसरा नाक वर-खाली होण्याचं. एक बंद पडला तर दुसरा त्याचं काम घेतो.

आम्हा देवासकरांना यात नवल वाटायचं कारण नाही. 1728 पासून आमच्याकडे तुकोजी आणि जिवाजी पवार या भावांच्या दोन गाद्या झाल्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच गावात दोन राजे, दोन दरबार, दोन कारभार. बाहेरचे लोक हसायचे. विमान बनवणाऱ्यांनी मात्र हीच गंमत मोठ्या गांभीर्याने केली आहे, आणि आमच्यापेक्षा एक पाऊल पुढे जाऊन. प्रत्येक ईलॅकच्या पोटात पुन्हा दोन भाग असतात: एक हुकूम सोडतो, दुसरा त्या हुकमावर नजर ठेवतो. दोन्ही भागांच्या प्रणाली वेगवेगळ्या लिहिलेल्या. ईलॅकच्या जोडीला सेक नावाचे जे आणखी तीन संगणक आहेत, त्यांची चिपच वेगळ्या जातीची. एकाच चुकीने सगळे एकदम फसू नयेत म्हणून हा खटाटोप. दोन गुमास्ते ठेवले, पण दोघंही एकाच मास्तरांच्या हाताखाली शिकलेले असले, तर दोघांचा भागाकार एकाच ठिकाणी चुकायचा.

आमच्या आजीला हे कोणी सांगितलं नव्हतं. तिचं लहानपण देवासच्या वाड्यातलं, आणि टोंकखुर्दला आल्यावरही तिने वाड्याची एक रीत सोडली नाही. रात्री दिंडीदरवाज्याला कुलूप लावायचं काम काकांचं. कुलूप ओढून बघायचं काम मात्र त्यांचं नाही. ते आम्हा पोरांपैकी कुणाचं तरी. "लावणाऱ्यानं ओढू नये," ती म्हणायची, "त्याला ते लागलेलंच दिसतं." काकांना राग यायचा. शिकलेला, नोकरी करणारा माणूस, आणि त्याच्या कुलपाची परीक्षा सात वर्षांच्या पोराकडून! "माझ्यावर विश्वास नाही का?" यावर आजी वात वळता वळता म्हणायची, "कुलपाचं बोलतेय मी, तुझं कुठं बोलतेय?"

भाच्याच्या धंद्यात ही रीत कायद्यात लिहिलेली आहे. विमानाच्या नियंत्रण-यंत्रणेला हात लागला, एखादी तार सैल केली, एखादा जोड उघडला, की काम झाल्यावर दोन तपासण्या. पहिली काम करणाऱ्याच्या बाजूची. दुसरी अशा माणसाची, ज्याचा त्या कामात हात नव्हता. त्याने पहिल्याच्या सांगण्यावर न जाता स्वतः बघायचं आणि स्वतःची सही करायची. डुप्लिकेट इन्स्पेक्शन म्हणतात. मी एकदा त्याला विचारलं होतं, वीस वर्षं काम केलेल्या माणसाचंही? तो म्हणाला, "त्याचंच आधी, मामा. नवा पोरगा घाबरत घाबरत करतो, पानं उलटून बघतो. जुन्याच्या हाताला सवय असते. हात पुढे जातो, डोळा मागे राहतो."

आपण जे केलं ते आपल्याला दिसत नाही, आपल्याला जे करायचं होतं तेच दिसतं. स्वतःच्या लेखातली चूक स्वतःला सापडत नाही, हा तर आमचा रोजचा अनुभव. दुसऱ्याने वाचलं की पहिल्याच ओळीत बोट.

पण नुसता दुसरा डोळा पुरत नाही. हे याच ईलॅकच्या एका जुन्या गोष्टीतून कळतं. 20 मार्च 2001, फ्रँकफर्ट. लुफ्थांझाचं ए320 पॅरिसला निघालं होतं. त्याआधी देखभालीत ईलॅकच्या जोडणीचं काम झालं होतं, आणि त्यात तारांच्या दोन जोड्यांची उलटापालट झाली. परिणाम असा, की मुख्य वैमानिकाची कांडी उजवीकडे वळवली तर विमान डावीकडे कलणार. सहवैमानिकाची कांडी मात्र ठीक. कामानंतरच्या चाचणीत हे सापडलं नाही. उड्डाणाआधी वैमानिक कांडी पूर्ण फिरवून बघतात, पडद्यावर झडपांची चित्रं हलतात, त्यातही नजरेतून सुटलं. जमीन सुटल्याबरोबर डावा पंख खाली गेला. मुख्य वैमानिकाने सावरायला कांडी उजवीकडे नेली, आणि विमान आणखी डावीकडे कललं. पंखाचं टोक जमिनीपासून अर्ध्या मीटरवर आलं होतं. सहवैमानिकाने आपल्या कांडीवरचं बटण दाबून ताबा घेतला, म्हणून विमान वाचलं.

किती डोळे होते बघा तिथे. जोडणाऱ्याचे, तपासणाऱ्याचे, दोन वैमानिकांचे. झडप हलते का, हे सगळ्यांनी पाहिलं. कुठल्या बाजूला हलते, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. वैमानिकांच्या शिकवणीत दोन शब्द जोडीने येतात, फ्री अँड करेक्ट: अडत नाही ना, आणि बरोबर दिशेला जातं ना. माणूस पहिला शब्द हाताने अनुभवतो, म्हणून तो लक्षात राहतो. दुसऱ्यासाठी मान वळवून बघावं लागतं, मनाशी ताडून घ्यावं लागतं. आजीच्या पोरांनी कुलूप ओढलं असेल, पण कडी कोयंड्यात होती का हे कुणी पाहिलं?

खरं सांगायचं तर आम्ही ओढायचोसुद्धा नाही. पौषातल्या थंडीत गोधडीतून बाहेर कोण पडणार? पडल्या पडल्या ओरडायचो, "ओढलं गं आजी!" काही दिवस खपलं. मग एका रात्री माजघरातून शांतपणे आवाज आला, "कडी वाजली नाही रे." तिचं लक्ष आमच्या शब्दांकडे नव्हतंच, कडीच्या आवाजाकडे होतं.

तपासणी अशी नावापुरती उरली की काय होतं, ते अमेरिकेत दिसलं. शार्लटला 8 जानेवारी 2003 रोजी एअर मिडवेस्टचं एकोणीस आसनांचं बीच 1900 विमान उडाल्याबरोबर नाक वर करून उभंच राहिलं, मग कोसळलं. आतली 21 माणसं गेली. दोन रात्री आधी त्याच्या शेपटीकडच्या एलेव्हेटरच्या, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या झडपेच्या, तारांचा ताण जुळवला होता. काम करणाऱ्या मेकॅनिकने त्या विमानावर ते काम आधी केलेलं नव्हतं. तपासनीस त्याला शिकवत होता, आणि कामातल्या काही पायऱ्या गाळायला त्यानेच हरकत घेतली नाही. तार चुकीची जुळली, एलेव्हेटर खालच्या बाजूला पुरेसा जाईना. मग तपासायला कोण? तोच तपासनीस. त्या दिवशी विमानात वजनही हिशेबापेक्षा जास्त आणि मागच्या बाजूला झुकलेलं होतं. नाक खाली दाबायला हवं होतं, तेवढी हालचाल एलेव्हेटरमध्ये उरलीच नव्हती. मधल्या काळात त्या विमानाने काही फेऱ्या बिनबोभाट केल्या होत्या, ही त्यातली मला सर्वांत भीतिदायक वाटणारी गोष्ट. नंतर त्या जातीच्या विमानांच्या एलेव्हेटरची सक्तीने तपासणी झाली.

कागदावर तिथे दोन माणसं होती, पण बघणारा डोळा एकच. शिकवणारा म्हणून त्याने जे ठीक मानलं, तेच तपासणारा म्हणून त्याला ठीक दिसलं. काकांनीच कुलूप लावून काकांनीच ओढल्यासारखं. त्या माणसाला मी वाईट म्हणू शकत नाही. रात्रपाळी असणार, काम साचलेलं असणार, आणि शिष्याने आपल्यासमोर केलेल्या कामावर पुन्हा संशय घ्यायला जीभ रेटत नाही. आपल्याकडे तर अशा वेळी "तुम्ही केलंय म्हणजे झालंच" हे वाक्य आदर म्हणून वापरलं जातं. वडीलधाऱ्याने लिहिलेला हिशेब धाकट्याने पुन्हा बेरजून बघितला तर तो उद्धटपणा ठरतो. घराघरात, कचेऱ्यांत, देवस्थानांच्या विश्वस्त मंडळांत हा आदर किती कुलुपं उघडी ठेवत असेल!

आमच्या गावाच्या नावातही हा मोठ्या-धाकट्याचा मामला आहे. जवळच टोंककलां आहे. तुमच्याकडे त्याला बुद्रुक म्हणाल. तो थोरला, आम्ही खुर्द. पण खुर्दच्या पोराने कलांच्या माणसाचं कुलूप ओढून बघायला हरकत नसावी, असं मी या वयात म्हणतो. चाळीस वर्षांपूर्वी म्हणालो असतो का, शंका आहे. तेव्हा मीही काकांच्याच बाजूचा होतो.

भाच्याला विचारलं, काल रात्री तुम्हाला वैताग नाही आला? सूर्याने काय करायचं, त्यासाठी तुम्ही का जागायचं? तो हसला. म्हणाला, प्रणाली चढवायला फार वेळ जात नाही, दोन-तीन तास. "खरा वेळ कशात जातो माहितीये? चढवून झाल्यावर आवृत्ती कुठली बसली ते पुन्हा वाचायचं. आणि मी वाचल्यावर दुसऱ्याने वाचायचं. तो येईपर्यंत थांबायचं. प्रवासी खिडकीतून बघत असतात, वरून फोन चालू असतात, आणि आम्ही उभे. मागून कुणी बघितलं तर वाटावं, रिकामेच उभे आहेत." मग जांभई देत म्हणाला, "झोपतो आता. तुम्ही पाणी बघा."

पाणी शेवटच्या सरीपर्यंत पोचलं होतं. उजाडलं. गव्हाच्या कोवळ्या पात्यांवर दव होतं. उत्तरेकडून एक विमान खाली खाली येत इंदूरच्या बाजूला गेलं. त्याच्या पोटात कुठली आवृत्ती आहे हे मला कुठून दिसणार, पण मी मान वर करून बघत राहिलो. मग मोटार बंद केली, स्टार्टरच्या पेटीचं दार लोटलं आणि घराकडे निघालो.

दारात सौ. उभी. हातात दुधाचं भांडं.

"मोटार बंद केलीत?"

"केली."

"नक्की?"

"अगं, मीच केली ना आत्ता!"

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आत तोंड करून नातवाला हाक मारली, "जा रे, विहिरीवर जाऊन बघून ये, आजोबांनी मोटार बंद केलीय का."

आतून, गोधडीतूनच, उत्तर आलं, "बघितलं गं आजी! बंद आहे!"