प्रामाणिक समजूत आणि खोटी नोंद

एखाद्यानें खोटें लिहिलें, परंतु ज्या वस्तूविषयीं लिहिलें ती निर्धोक आहे अशी त्याची मनापासून खात्री होती, तर त्याचा दोष कमी होतो काय? विद्यार्थी बहुधा ‘होतो’ म्हणतात, व आम्हीहि पुष्कळ वर्षें तसेंच मानीत होतों. कॅनडांतील वॉकर्टन गांवाची हकीकत वाचल्यापासून मात्र तें मत आम्हांस सोडावें लागलें.

ऑन्टॅरिओ प्रांतांतलें हें सुमारें पांच हजार वस्तीचें गांव. २००० सालच्या मे महिन्यांत तेथें मुसळधार पाऊस झाला आणि शेजारच्या शेतांतील शेणखतांतले रोगजंतु गांवाच्या एका उथळ विहिरींत उतरले. नळाच्या पाण्यानें २,३०० हून अधिक माणसें आजारी पडलीं, ७ दगावलीं. (शेतकऱ्याकडे दोष नव्हता, त्यानें खत रीतीप्रमाणेंच घातलें होतें.) पाण्यांत क्लोरीन पुरेसें उरलें आहे कीं नाहीं, हें चालकांनीं रोज मोजून वहींत लिहावयाचें होतें. ते बहुतेक दिवशीं मोजीतच नसत. आंकडा मात्र नेमानें लिहिला जाई : लिटरमागें ०.५ किंवा ०.७५ मिलिग्रॅम.

न्यायमूर्ति डेनिस ओ'कॉनर यांनीं या प्रकरणाची चौकशी केली. तिचा अहवाल २००२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यावरून दिसतें कीं, या माणसांच्या मनांत कोणाचें वाईट करावें असें नव्हतें. विहिरीचें पाणी मुळांतच शुद्ध आहे असें त्यांस वाटे, व ते स्वतः तें क्लोरीनवांचून पीत. सांथ सुरू झाल्यावरहि व्यवस्थापक गांवाचेंच पाणी पीत होता. क्लोरीन फार होतें अशी तक्रार गांवकरीहि अधूनमधून करीत असत!

विल्यम क्लिफर्डनें १८७७ सालच्या एका निबंधांत एक जहाजमालक कल्पिला आहे. जुनें जहाज सुरक्षित आहे अशी तो स्वतःची समजूत घालतो, उतारूंस निरोप देतो, आणि जहाज बुडाल्यावर विम्याचे पैसे घेतो. तो किनाऱ्यावर राहिला, म्हणून त्याच्यावर रागावणें सोपें. वॉकर्टनचे चालक त्याच जहाजांत बसले होते. परंतु स्वतःच्या जिवावर उदार होणाऱ्यास शेजाऱ्याच्या मुलाच्या जिवावर उदार होतां येतें काय? ‘आम्हांस पाणी शुद्ध वाटतें’ असें वहींत लिहिलें असतें, तर कोणी तरी त्यांची चूक दाखविली असती. त्यांनीं आंकडा लिहिला. आणि आंकडा वाचणारा, लिहिणाऱ्यानें मोजलें आहे असेंच समजतो. तपासणीस आलेल्या सरकारी अधिकाऱ्यांसहि हा प्रकार उमगला नाहीं.

पुढें १७ मे रोजीं पाणी दूषित असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल हातीं आला. दोन दिवसांनीं आरोग्यखात्यानें विचारलें, तेव्हां व्यवस्थापकानें पाणी ठीक असल्याचें सांगितलें. आपल्या कारभारांतील दोष बाहेर पडूं नयेत म्हणून! येथें प्रामाणिक समजूत संपली होती. त्या दिवशीं खरें सांगितलें असतें तर मृत्यु बहुधा टळले नसते, पण सुमारें ३०० ते ४०० जणांचें आजारपण टळलें असतें, असें न्यायमूर्ति म्हणतात.

हें लिहितांना आमच्या मेजावर हजेरीपट पडला आहे. मागच्या आठवड्यांत एके दिवशीं, वर्ग भरलेला दिसला म्हणून, आम्हीं नांवें न पुकारतां सर्वांपुढें हजेरीच्या खुणा केल्या होत्या. त्या खोडाव्या, तर त्यांच्या जागीं काय लिहावें हें आतां आम्हांस ठाऊक नाहीं.