चौकटीच्या कडेला उभी असलेली आई

गेल्या दिवाळीत पुसदला घरी गेलो तेव्हा लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि चुलतभावाला प्लेस्टेशन-२ चा एक जुना गेम लावून दिला. शाळेत असताना आम्ही तो पार्लरमध्ये तासाचे १० रुपये देऊन, लोडशेडिंगच्या वेळा सांभाळून खेळायचो. दोन मिनिटांत भावाचा प्रश्न आला, "दादा, हे लोकं इतके जाडे काऊन दिसून राह्यले?"

गेम ४:३ च्या डबा टीव्हीसाठी बनलेला, आमचा टीव्ही १६:९ चा. चित्र आडवं ताणलं गेलं होतं. ताणलं नाही तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. त्या दाखवल्या, तर म्हणाला, "टीव्ही अर्धा बंद काऊन हाये?"

मग रात्री वाइडस्क्रीन पॅच करायला बसलो. तत्त्व सोपं आहे. कॅमेऱ्याला आडवं किती जग दिसावं, हे बहुतेक वेळा मेमरीतला एखादा आकडा ठरवतो. ४/३ ला १६/९ ने भागलं की ०.७५ येतं. त्या आकड्याला ०.७५ ने गुणलं की माणसं जाडी होत नाहीत, उलट दोन्ही बाजूंचं आधी न दिसणारं जग दिसू लागतं. कठीण असतं ते तो आकडा शोधणं. एकेक बदलून पाहायचा, गेम बंद पडला की पुन्हा सुरू करायचा. मला तो रात्री २ वाजता सापडला.

दुसऱ्या दिवशी भाऊ एका प्रसंगापर्यंत पोचला. नायकाचा मित्र मरतो आणि त्याची आई धावत येते. लहानपणी मी तिथे रडलो होतो. भाऊ खो खो हसला. "दादा, थे पाय, थे त आधीच येऊन उभी हाये!"

उजव्या कडेला आई उभी होती. हात पसरलेले, निश्चल, आपली एंट्री यायची वाट बघत. ४:३ मध्ये ती जागा कुणाला दिसतच नव्हती, म्हणून तिला तिथे उभं करून ठेवलेलं. मशीनची मुख्य मेमरी ३२ एमबी. न दिसणाऱ्या गोष्टींवर कोण कशाला मेहनत घेईल?

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. मी गेम सुधारला की बिघडवला?

पहिलं उत्तर सोयीचं आहे: ४:३ ही तेव्हाच्या टीव्हींची मजबुरी होती, निर्मात्यांची इच्छा नव्हे. 'गॉड ऑफ वॉर', 'ग्रॅन टुरिस्मो ४' अशा काही गेमांनी त्याच मशीनवर १६:९ चा पर्याय स्वतःच दिला होता. मग मी त्यांचंच काम पुढे नेलं, एवढंच.

पण मजबुरी आणि निर्णय इतके सुटे करता येत नाहीत. ओवीचा शेवटचा चरण आखूड असतो. कुणी तो बाकीच्या तिघांएवढा लांब केला, तर ओवी पूर्ण होत नाही, ती ओवीच राहत नाही. चौकट कुणी का दिलेली असेना, तिच्या आत आईला कुठून आणायचं हे कुणीतरी विचार करून ठरवलं होतं. मी त्या माणसाला न विचारता विंगेचा पडदा काढला.

दुसरीकडे, पॅच नसता तर भाऊ तिथपर्यंत पोचलाच नसता. कुणी न खेळलेला अस्सल गेम कपाटातल्या सीडीसारखाच.

मला पटणारी गोष्ट एवढीच, की पॅच ही वेगळी, छोटी मजकूर-फाइल असते. एम्युलेटर ती गेम चालू असताना मेमरीत लावतो, मूळ गेमला हात लागत नाही. जो बदल मागे घेता येतो आणि उघडपणे सांगितला जातो, तो करायचा हक्क मी स्वतःला देतो. आता फाइलच्या वरच मी लिहून ठेवलंय: अमुक प्रसंगाआधी हे बंद करा.

पण सगळंच मागे घेता येत नाही. त्याच संध्याकाळी भावाला तो प्रसंग काळ्या पट्ट्यांसकट पुन्हा दाखवला. या वेळी तो हसला नाही. मित्र मरत होता, आणि भाऊ सगळा वेळ उजव्या पट्टीकडे बघत होता.