माघारीची वेळ

जबलपूरच्या एका मराठी घरात एक भाऊ आणि बहीण राहत होते. ग्वारीघाटावर पोहायला शिकलेली, भेडाघाटचे तुषार अंगावर घेत वाढलेली ही मुलं. डोंगर म्हणजे त्यांच्यासाठी मदनमहालची टेकडी. बर्फ त्यांनी फक्त चित्रात पाहिला होता.

एका वर्षी भावाच्या मनाने घेतलं, की उन्हाळ्यात पिंडारी हिमनदी बघायला पायी जायचं. बहीण लगेच तयार झाली. भावाचा एक मित्रही आला.

भावाने नवी वही आणली आणि महिनाभर रोज रात्री ती भरत बसला. जबलपूरहून दिल्ली, दिल्लीहून काठगोदाम, तिथून जीपने अल्मोडा, बागेश्वर आणि पुढे रस्ता संपेपर्यंत. मग पायवाट. खाती हे वाटेवरचं शेवटचं गाव. त्यापुढे द्वाली, जिथे पिंडर आणि काफनी या दोन नद्या भेटतात. मग फुरकिया, सव्वातीन हजार मीटरच्या आसपास. आणि शेवटी हिमनदीसमोरचा झिरो पॉइंट, साडेतीन हजार मीटरच्याही वर. जबलपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम 400 मीटर उंच, म्हणून मुक्कामाची उंची रोज थोडीथोडीच वाढेल असे टप्पे त्याने पाडले. सुती कपडे भिजले की वाळत नाहीत, म्हणून लोकरीचे घेतले. विटा भरलेल्या सॅक पाठीला लावून तिघं पहाटे मदनमहाल चढू लागली.

वही पुरी झाली तेव्हा त्याने ती आजोबांपुढे ठेवली. आजोबांची सगळी नोकरी व्हीकल फॅक्टरीत, लष्कराच्या ट्रकांच्या तपासणीत गेली होती. त्यांनी चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सावकाश वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं.

"छान लिहिलंस बेटा," ते म्हणाले. "पोचायचं सगळं आहे. परत कधी फिरायचं, ते कुठे आहे?"

"बघून झालं की फिरायचं, आजोबा."

"आणि बघून झालं नाही तर?"

भाऊ गप्प राहिला.

"इंजिन चालतं की नाही हे कोणीही बघतं," आजोबा म्हणाले. "आम्ही ट्रक पूर्ण भरायचो, उतारावर न्यायचो आणि थांबतो का ते बघायचो."

त्यांनी विचारलं, वाटेत पाणी ओलांडावं लागतं का? भावाने सांगितलं, फुरकियाच्या पुढे बर्फाच्या पाण्याचे नाले आहेत. ऊन चढलं की वरचं बर्फ वितळतं, म्हणून सकाळी उथळ असलेला नाला दुपारी फुगतो. हे त्याने वाचलेलं होतं, पण वहीत लिहिलेलं नव्हतं.

आजोबांनी तांबडी पेन्सिल घेऊन शेवटच्या पानावर लिहिलं, 'सकाळी साडेनऊ. जिथे असाल तिथून मागे.' खाली तिघांच्या सह्या घेतल्या. परतीच्या तिकिटाआधी एक दिवस रिकामा ठेवायला सांगितला. पानाची एक प्रत स्वतःकडे ठेवली.

मेच्या अखेरीस ते निघाले. खातीपर्यंत सगळं वहीत होतं तसंच घडलं. द्वालीला मित्राचं डोकं दुखू लागलं, तेव्हा ते तिथेच एक दिवस जास्त राहिले. रिकामा ठेवलेला दिवस तिथे खर्ची पडला.

फुरकियाहून ते पहाटे निघाले, पण वाटेत गोठलेल्या बर्फावर पाय जपून टाकावे लागले आणि उशीर झाला. नाल्याशी आले तेव्हा पाणी घोट्याएवढं होतं. बहिणीने काठावर, पाण्याला लागून, एक चपटा पांढरा दगड ठेवला. मग ते पलीकडे गेले.

साडेनऊ वाजले तेव्हा झिरो पॉइंट अर्ध्या तासावर होता. आभाळ निळं होतं. समोर नंदाखाट शिखर उन्हात चमकत होतं. मागून आलेले दोन तरुण, चांगले कसलेले, त्यांना ओलांडून पुढे गेले.

"अर्ध्या तासाने काय बिघडतं?" भाऊ म्हणाला. मित्रानेही मान डोलावली.

बहिणीने सॅकच्या कप्प्यातून वही काढली आणि शेवटचं पान उघडून त्याच्या हातात दिलं. ती काही बोलली नाही. भावाने आपली सही पाहिली. बराच वेळ पाहिली. मग तो वळला.

नाल्याशी आले तेव्हा पांढरा दगड दिसेना. तो हातभर पाण्याखाली गेला होता. त्यांनी सॅकचे कमरपट्टे सोडले, म्हणजे पाय घसरला तर सॅक टाकून देता येईल. एकमेकांचे खांदे धरून, काठी रोवत ते पार झाले. पाणी गुडघ्याच्या वर लागत होतं आणि पायांना काही कळत नव्हतं.

दुपारी ढग उतरले, गारा पडल्या. ते दोन तरुण संध्याकाळी परतले नाहीत. हिमनदी त्यांनी पाहिली होती, पण उतरताना नाला मांडीच्या वर चढलेला होता. रात्र त्यांनी पलीकडे एका खडकाच्या आडोशाला काढली आणि सकाळी पाणी ओसरल्यावर कुडकुडत फुरकियाला आले. बहिणीने त्यांना चहा दिला.

घरी पोचल्यावर आजोबांनी हिमनदीचं विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "पाणी कुठवर होतं?" भावाने गुडघ्याच्या वर हात ठेवून दाखवलं. आजोबांनी आपल्याकडची प्रत काढून त्यावर तारीख घातली आणि कपाटात ठेवली.

ते दोन तरुण या तिघांपेक्षा दमदार होते, वाटही त्यांना चांगली ठाऊक होती. पण परत फिरण्याचा निर्णय त्यांनी डोंगरावर घ्यायचा ठेवला होता, आणि शिखर समोर चमकत असताना माणसाचं मन त्याच्या हातात नसतं. भावाचंही नव्हतं. त्याला मागे फिरवलं ते महिनाभर आधी, जबलपूरच्या घरात शांतपणे केलेल्या सहीने.

तुम्ही हिमालयात जाणार असाल, तर निघण्याआधी माघारीची वेळ कागदावर लिहा, सोबतच्या सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि एक प्रत घरी जो वाट बघत असेल त्याच्याजवळ ठेवा.