पहाटेचं पाणी

माझी भाची मुंबईत एका सल्लागार कंपनीत सात वर्षं होती. सिमेंट कारखान्याचा खर्च कुठे गळतो, बँकेने कोणत्या शाखा बंद कराव्यात, असले प्रश्न ती सोडवायची. सहा आठवड्यांत उत्तर, चाळीस स्लाइड्स, की पुढचा क्लायंट. कामात पक्की होती. तरी एक दिवस राजीनामा दिला आणि युगांडाच्या उत्तरेला, लिरा भागात, एका पाणी कार्यक्रमात नोकरी धरली. पगार तिसऱ्या हिश्शावर आला. घरात कुरकुर झाली. एकटे आबा, म्हणजे तिचे आजोबा, खुशीत होते. म्हणाले, "तिकडंबी हापसंच हायती की."

आबा सोलापूरकडे हातपंप दुरुस्तीच्या पथकात होते. पूर्वीचे ओतीव लोखंडाचे पंप एका घराच्या वापरासाठी बनवलेले. अख्खं गाव दिवसभर दांडा मारू लागलं की ते मोडायचे. सोलापूरच्या पंपाने ती अडचण बरीचशी सोडवली. सत्तरच्या दशकात युनिसेफ आणि भारत सरकारने मिळून 'इंडिया मार्क टू' घडवला तो त्याच्याच पायावर. तोच हापसा पुढे आफ्रिकेत गेला. युगांडात त्याला यू-टू म्हणतात. पोरगी परदेशी निघाली होती खरी, पण आबांच्या ओळखीच्या यंत्राकडे.

पहिल्या दोन महिन्यांत तिने तिथला विस्कळीत हिशेब सरळ केला. शंभरावर हापशांची माहिती गोळा केली, तक्ता मांडला: दहापैकी आठ चालू. पैसे देणारी संस्था खूश झाली. एवढा स्वच्छ अहवाल त्यांना आजवर मिळालाच नव्हता.

मग एका गावात ती स्वतः गेली. आंब्याखाली हापसा, तक्त्यात 'चालू'. दांडा मारला, तर चौथ्या-पाचव्या हिसक्याला नितळ पाणी. पण ओटा कोरडा होता आणि सांडपाण्याच्या पन्हळीत गुडघाभर गवत माजलं होतं. हापशाभोवती चिखल नसावा हे तिला खटकलं. लहानपणी आबांच्या सायकलवर पुढे बसून तिने जेवढे हापसे पाहिले होते, तेवढ्यांभोवती चिखल होता. खाली झऱ्याकडून बायका वीस लिटरचे पिवळे जेरीकॅन डोक्यावर घेऊन येत होत्या. त्या झऱ्यावर गुरंही पीत. विचारलं, तर सगळ्या म्हणाल्या, हापशाचं पाणी चांगलं आहे. दान देणाऱ्या पाहुण्याच्या तोंडावर दानाला नावं कोण ठेवील? आपल्याकडेही ठेवत नाहीत.

तीळ पाखडत बसलेली एक म्हातारी तेवढी बोलली. दुभाष्याने सांगितलं, "म्हणते, तुमची माणसं अकरा वाजता येतात. आम्ही अकरा वाजता पाणी भरत नाही."

भाची त्या रात्री तिथेच राहिली. पहाटे, अजून अंधार होता तेव्हा, तिने दांडा मारला. टॉर्चच्या उजेडात विटेच्या भुकटीसारखं लाल पाणी आलं. त्यात घेवड्याच्या दाण्यांची आमटी काळी पडते, चहा शाईसारखा होतो, कपड्यांवर डाग बसतात. बराच वेळ उपसल्यावर ते निवळलं. पण चुली पेटायच्या वेळी तेवढा वेळ उपसत कोण बसणार?

तिने आबांना फोन लावला. त्यांनी एकच विचारलं, "रातभर थांबलेलं लाल येतं आन उपसलं की निवळतं? मग जमिनीचा दोष न्हाय बाळा, पाइपाचा हाय. पाणी आंबट असलं की आधी जस्त खातं, मग लोखंड."

ती मला नंतर म्हणाली, "मामा, मुंबईत पैसे देणारा आणि सल्ला वापरणारा एकच असायचा. माझा सल्ला फसला तर तो मला पुन्हा बोलवायचा नाही. इथे पैसे देणारा हजारो मैल लांब, आणि पाणी पिणारी इथे. तिला पटलं नाही तर ती मुकाट झऱ्यावर जाते. माझ्या तक्त्यात तो रकानाच नव्हता." मला वाटतं, तिची नोकरी खऱ्या अर्थाने त्या पहाटे बदलली. तोवर फक्त देश बदलला होता.

तिने पाहणी पुन्हा करवली, या वेळी सकाळी सहाला. फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढवला: आज इथून कोणी पाणी नेलं का? चालू हापशांचा आकडा चांगलाच घसरला. बैठकीत सगळे गप्प. एकाने सुचवलं, हे पुढच्या वर्षीच्या अहवालात घ्यावं. तिने नाही म्हटलं. त्या वर्षी नव्या बोअरसाठीचे बरेच पैसे जुने पाइप उपसून स्टेनलेस स्टीलचे घालण्यात गेले. ज्यांना नवा हापसा मिळणार होता ती गावं रागावली. तीन गावांत ती स्वतः जाऊन बसली, त्यांचं ऐकून घेतलं. राग खराच होता, आणि तिच्यापाशी त्यावर उत्तर नव्हतं.

म्हातारीच्या गावात तिवई रोवून पाइप बदलले त्या दिवशी दुपारीच फॉर्मवर 'चालू' लिहून निघता आलं असतं. पण आबांची रीत तिला ठाऊक होती. दुरुस्ती झाल्यावर ते हत्यारं गोळा करायचे आणि एखादी बाई घागर भरून जाईपर्यंत ओट्याशी बसून राहायचे. हापसा दुरुस्त झाला हे आपण म्हणायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं.

ती थांबली. पहिल्या पहाटे कोणीच आलं नाही. दुसऱ्या पहाटे म्हातारी लहानसा डबा घेऊन आली. ओंजळीत पाणी घेऊन तिने हुंगलं, डबा भरला आणि काही न बोलता गेली. तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत जेरीकॅनच्या खडखडाटाने भाचीला जाग आली.

सकाळी तिने आबांना फोटो पाठवला. त्यात हापसा नव्हता, माणसंही नव्हती. ओट्यालगतचा ओला चिखल आणि त्यात उमटलेली अनवाणी पावलं.